उजेड पडला की कामाला लागणारी पूड

बाहेरच्या भिंतीचा पांढरा रंग काही वर्षं उन्हात राहिला की त्यावरून हात फिरवल्यावर बोटांना भुकटी लागते. रंगाच्या धंद्यात याला ‘चॉकिंग’ म्हणतात आणि रंग बनवणाऱ्यांची ही जुनी डोकेदुखी आहे. दोष रंगातल्याच पांढऱ्या पुडीचा, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडचा. ऊन पडलं की ही पूड आपल्याला धरून ठेवणारा चिकट बाइंडर हळूहळू खाऊ लागते. बाइंडर संपला की कण सुटे होतात आणि हाताला लागतात. म्हणून चांगल्या रंगासाठी या पुडीच्या कणांवर सिलिका किंवा ॲल्युमिनाचं पातळ कवच चढवतात, तिची खोड दाबून ठेवायला.

रंगवाल्यांना नकोशी असलेली हीच खोड पाणी निर्जंतुक करू पाहणाऱ्यांना हवीशी वाटली, यात नवल नाही. बाइंडरचे लांबलचक रेणू जी पूड उन्हात तोडू शकते, ती जिवाणूचं कवचही तोडेल. तेही कार्बनचेच रेणू. गेली चाळीस वर्षं या कल्पनेवर जगभरच्या प्रयोगशाळांत काम चाललं आहे. पूड पाण्यात मिसळा, बाटलीच्या आतून लेप द्या, काचेच्या मण्यांवर चढवा, ऊन दाखवा, जंतू मरतात. पूड खर्ची पडत नाही, पाण्याला वास येत नाही, वीज लागत नाही. ऐकायला इतकं सरळ आहे, तर मग घरोघरी हे का दिसत नाही? या प्रश्नाचं उत्तर जंतू नेमके कसे मरतात यातच दडलेलं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

टायटॅनियम डायऑक्साइड हा सेमीकंडक्टर आहे. त्याच्या स्फटिकातले इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या दोन पट्ट्यांत राहू शकतात. खालचा पट्टा भरलेला, वरचा रिकामा, आणि दोन्हींच्या मधे उभं राहायला जागाच नाही. या मधल्या अंतराला बँड गॅप म्हणतात. खालच्या इलेक्ट्रॉनला वर जायचं तर एकाच उडीत जावं लागतं, आणि त्या उडीला लागणारी सगळी ऊर्जा प्रकाशाच्या एकाच कणाकडून, म्हणजे एकाच फोटॉनकडून, मिळावी लागते. चार कमजोर फोटॉन एकत्र येऊन ते काम उरकत नाहीत. म्हणून इथे प्रकाश किती आहे याआधी तो कोणता आहे हे बघावं लागतं.

हा हिशेब कुणालाही करता येतो. १२४० या आकड्याला प्रकाशाच्या नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मिळते. उलटं भागलं तर हव्या त्या ऊर्जेसाठी कोणती तरंगलांबी लागेल ते कळतं. टायटॅनियम डायऑक्साइडच्या ‘अनाटेझ’ या रूपाचा बँड गॅप ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. १२४० भागिले ३.२ म्हणजे साधारण ३८७. म्हणजे ३८७ नॅनोमीटर किंवा त्याहून आखूड लांबीचा प्रकाश चालेल, त्याहून लांब लांबीचा प्रकाश कितीही प्रखर असला तरी काही होणार नाही. आपल्या डोळ्यांना दिसतो तो प्रकाश ढोबळमानाने ४०० ते ७०० नॅनोमीटरचा. म्हणजे दिसणारा सगळाच्या सगळा प्रकाश या पुडीच्या दृष्टीने अंधार. या क्षेत्रातल्या निम्म्या भानगडी या एका भागाकारातून निघाल्या आहेत. त्यांच्याकडे पुढे येऊच.

योग्य फोटॉन आदळला की इलेक्ट्रॉन वर जातो आणि खाली त्याची जागा रिकामी पडते. या रिकाम्या जागेला ‘होल’ म्हणतात, आणि ती कुठूनही इलेक्ट्रॉन ओढून घ्यायला टपलेली असते. बहुतेक वेळा वर गेलेला इलेक्ट्रॉनच परत खाली पडतो, थोडी उष्णता सुटते आणि फोटॉन वाया जातो. पण काही होल आणि काही इलेक्ट्रॉन तेवढ्यात कणाच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचतात. तिथे होल पाण्याच्या रेणूकडून, किंवा पृष्ठभागाला चिकटलेल्या हायड्रॉक्साइडकडून, इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो, म्हणजे एक इलेक्ट्रॉन कमी पडलेला आणि तो दुसऱ्याकडून ओढायला धावणारा रेणूचा तुकडा. वर गेलेला इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला चिकटतो, त्याचा सुपरऑक्साइड होतो आणि पुढे त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड. म्हणजे पाण्यात ऑक्सिजन हवाच. तो नसेल तर इलेक्ट्रॉनला जायला वाट राहत नाही, तो पुन्हा होलमध्येच पडतो आणि सगळा कारखाना थंडावतो. प्रयोगात बाटली आधी खळखळवून घेतात किंवा पाण्यात हवेचे बुडबुडे सोडतात ते यासाठी.

या सगळ्यात पूड स्वतः कशालाच मारत नाही. ती प्रकाश घेते आणि पाणी व हवा यांतूनच हत्यार घडवते. ते हत्यार तिथेच बनतं, तिथेच चालतं आणि तिथेच संपतं. या पद्धतीचे सगळे गुण आणि बहुतेक सगळे दोष माझ्या मते या एकाच गोष्टीत आहेत. कंपन्यांची माहितीपत्रकं पहिला अर्धा भाग मोठ्या अक्षरात छापतात, दुसऱ्याबद्दल गप्प बसतात.

आता एका जिवाणूजवळ जाऊन बघू. ई. कोलाय घेऊ, कारण पाणी दूषित आहे की नाही हे तपासायला तोच वापरतात. लांबी साधारण दोन मायक्रोमीटर. त्याला टायटॅनियम डायऑक्साइडचा पंचवीसेक नॅनोमीटरचा एक कण चिकटला आहे आणि वरून ऊन पडतंय. कणाच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल रॅडिकल जन्मतो. तो इतका उतावळा असतो की समोर येईल त्या कार्बनी रेणूशी जवळजवळ लगेच भिडतो. त्याचं आयुष्य नॅनोसेकंदांत मोजायचं, आणि तेवढ्यात तो जेमतेम काही नॅनोमीटर सरकतो. जिवाणू फुगवून रेल्वेच्या डब्याएवढा केला, तर कण फुटबॉलएवढा होईल आणि त्यातून निघालेला रॅडिकल दोन-चार बोटं अंतर जाऊन संपेल. म्हणजे कण जिवाणूला टेकलेला असेल तरच वार लागणार. हातभर लांब असेल तर वार पाण्यातच जिरला.

टेकलेला असेल तेव्हा काय होतं? पहिला मार बाहेरच्या पडद्याला बसतो. त्यातल्या स्निग्ध रेणूंमधला एक हायड्रोजन रॅडिकल उचकटून नेतो. बिघडलेला रेणू ऑक्सिजन घेतो आणि शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढतो, शेजारचा त्याच्या शेजाऱ्याचा. साखळी सुरू होते. एका रॅडिकलच्या जिवावर बरेच रेणू नासतात. बाहेरचा पडदा झिरझिरीत झाला की मार आतल्या पडद्यापर्यंत पोहोचतो, आणि तिथे जिवाणूची श्वसनाची यंत्रणा बसवलेली असते. ती बंद पडते, आतलं पोटॅशियम बाहेर झिरपू लागतं, मग प्रथिनं आणि शेवटी डीएनए. दरम्यान दूरवर निर्माण झालेलं हायड्रोजन पेरॉक्साइडही कामाला येतं. ते मवाळ असल्यामुळे जास्त टिकतं, पडद्यातून आरपार जातं आणि पेशीतल्या लोहाशी गाठ पडली की आतल्या आत नवे हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार करतं. जिवाणूकडे पेरॉक्साइड आणि सुपरऑक्साइड मोडणारी एन्झाइम असतात. हायड्रॉक्सिल रॅडिकलला थोपवणारं एन्झाइम मात्र कुठल्याही सजीवाकडे नाही. तो इतक्या झटकन उडून जातो की त्याला पकडायला वेळच मिळत नाही.

प्रयोगाच्या आलेखात हे सगळं स्पष्ट दिसतं. पहिली काही मिनिटं जिवंत जिवाणूंची संख्या फारशी हलत नाही. पडदा झिजत असतो, पण जिवाणू स्वतःची डागडुजी करत तग धरून असतात. मग एका टप्प्यानंतर रेघ एकदम कोसळते. या ‘काहीच होत नाही’ वाटणाऱ्या मिनिटांत प्रयोग थांबवला तर मार खाल्लेले बरेच जिवाणू अंधारात पुन्हा उभे राहतात. जाड भिंतीचे बीजाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या आदिजीवांची कवचबंद रूपं यांच्या बाबतीत तर हा सुरुवातीचा सपाट भाग फारच लांबतो.

या साऱ्याची सुरुवात जंतूंपासून झाली नव्हती. १९७२ साली अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या जपानी संशोधकांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन करून दाखवलं. पुढच्याच वर्षी जगात तेलाचं संकट आलं आणि उन्हातून हायड्रोजन इंधन काढायच्या स्वप्नाला उधाण आलं. पण या पुडीला उन्हातला फारच थोडा भाग पचतो, त्यामुळे इंधनाचा हिशेब काही जमेना. मग लक्ष वळलं ते जिथे थोडीच रासायनिक क्रिया पुरते अशा कामांकडे. १९७७ मध्ये फ्रँक आणि बार्ड यांनी पाण्यातलं सायनाइड या पद्धतीने मोडून दाखवलं. १९८५ मध्ये तादाशी मात्सुनागा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लॅटिनम चढवलेली टायटॅनियम डायऑक्साइडची पूड, दिव्याचा प्रकाश आणि सूक्ष्मजीव एकत्र ठेवले, त्यात ई. कोलायबरोबर लॅक्टोबॅसिलस आणि यीस्टही होतं. एक-दोन तासांत सूक्ष्मजीव मेले. जंतुनाशक म्हणून या पुडीचा प्रवास तिथून सुरू झाला.

आता त्या भागाकाराकडे परत. भर दुपारी निरभ्र आकाशातून जमिनीच्या दर चौरस मीटरवर साधारण १००० वॉट ऊर्जा पडते. त्यातला अतिनील भाग चार-पाच टक्के, म्हणजे चाळीस-पन्नास वॉट. अनाटेझला एवढंच चालतं, आणि त्यातूनही बहुतेक फोटॉन इलेक्ट्रॉन-होलच्या पुनर्मीलनात वाया जातात. दिसणारा प्रकाश वापरता आला तर दहापट माल हाती येईल, हे कुणालाही सुचेल. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं बरंचसं संशोधन याच मागे लागलं आहे.

एक वाट म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये थोडा नायट्रोजन घुसवायचा. २००१ साली जपानमध्ये हे करून दाखवलं. पूड पांढरीची पिवळसर होते, म्हणजेच ती निळा प्रकाश शोषू लागते. दुसरी वाट म्हणजे वेगळाच पदार्थ घ्यायचा. ग्राफिटिक कार्बन नायट्राइड हा त्यातला सध्याचा लाडका. त्यात धातू नाही. मेलामाइन किंवा युरिया साडेपाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलं की ही पिवळी पूड मिळते. बँड गॅप २.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट. १२४० भागिले २.७ म्हणजे जवळपास ४६०, म्हणजे निळ्या प्रकाशापर्यंत मजल. हायड्रोजनसाठी २००९ मध्ये ती प्रकाशझोतात आली आणि मागोमाग जंतुनाशाकडे वळली.

पण निसर्ग फुकट काही देत नाही. बँड गॅप अरुंद केला की प्रकाश जास्त मिळतो, पण होलची ओढ कमी होते. अनाटेझचा होल पाण्यातून सरळ हायड्रॉक्सिल रॅडिकल काढू शकतो. कार्बन नायट्राइडच्या होलला ते झेपत नाही. त्याला सुपरऑक्साइड आणि पेरॉक्साइडचा आडमार्ग धरावा लागतो. कॅडमियम सल्फाइड हिरव्या प्रकाशापर्यंत पोहोचतो, पण पाण्यात प्रकाश पडला की तो स्वतःच कुरतडला जातो आणि कॅडमियम पाण्यात उतरतं. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात कॅडमियमची मर्यादा लिटरला ३ मायक्रोग्रॅम ठरवली आहे. मग जंतू मेल्याचा आनंद कसला? तरीही अशा पदार्थांवर शोधनिबंध निघत राहतात. पिण्याच्या पाण्यासाठी तरी ही वाट मला निरर्थक वाटते.

यातलं मला सर्वांत रंजक वाटलेलं काम स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि तिथल्या स्लॅक प्रयोगशाळेतलं. २०१६ मध्ये यी कुई आणि सहकाऱ्यांनी मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे अतिपातळ थर उभे वाढवले, वर तांब्याचा बारीक लेप दिला, आणि दिसणाऱ्या प्रकाशात वीस मिनिटांत ९९.९९९ टक्क्यांहून जास्त जिवाणू मारून दाखवले. मॉलिब्डेनम डायसल्फाइड एरवी वंगण म्हणून वापरतात. नॅनोमीटरच्या मापात पातळ केला की त्याचा बँड गॅप बदलतो, ही यातली खुबी. २०२३ मध्ये त्यांनी याचीच पूड केली आणि तीत लोहाचं चुंबकीय ऑक्साइड घातलं. ऊन दाखवायचं, जिवाणू साधारण मिनिटभरात संपतात, मग चुंबकाने पूड ओढून बाहेर काढायची. प्रयोग ई. कोलायवर होता. सगळ्या प्रकारच्या विषाणूंवर आणि आदिजीवांवर अशी पूड किती चालेल हे स्वतंत्रपणे तपासावं लागतं, हे बातम्यांत सहसा येत नाही.

सेमीकंडक्टर सोडून आणखी एक जुनी जात आहे, ती रंगद्रव्यांची. १९०० साली म्युनिकमध्ये ऑस्कर राब नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी ॲक्रिडीन या रंगाचा पॅरामिशियम या एकपेशीय जीवावर परिणाम बघत होता. तेवढाच रंग, तेच जीव, पण काही वेळा ते लवकर मरायचे, काही वेळा उशिरा. फरक खोलीतल्या उजेडाचा निघाला. हे रंग फोटॉन शोषतात आणि ती ऊर्जा जवळच्या ऑक्सिजनला देऊन टाकतात. ऑक्सिजन ‘सिंगलेट’ नावाच्या चिडलेल्या अवस्थेत जातो. पाण्यात तो साडेतीन मायक्रोसेकंद टिकतो, शे-दोनशे नॅनोमीटर सरकतो. हायड्रॉक्सिल रॅडिकलपेक्षा हा बराच लांबचा पल्ला. मिथिलीन ब्ल्यू, रोज बेंगॉल, पॉर्फिरिन ही या जातीतली ओळखीची नावं. रक्तातल्या प्लाझ्मामधले विषाणू निकामी करायला मिथिलीन ब्ल्यू आणि प्रकाश ही जोडी काही देशांत प्रत्यक्ष वापरली गेली आहे, म्हणजे तत्त्व पक्कं आहे.

पाण्यासाठी अडचण वेगळी. निळं किंवा गुलाबी पाणी कोण पिणार? म्हणून रंग प्लास्टिकच्या मण्यांवर किंवा कापडावर पक्का बांधावा लागतो. तसं केलं की तो जिवाणूला चिकटायला मोकळा राहत नाही. ई. कोलायचा पृष्ठभाग ऋणभारित असतो, त्यामुळे धनभारित रंग त्याला आपोआप चिकटतात, ऋणभारित रंगांना तो दूर सारतो. वर हे रंग त्यांच्याच बनवलेल्या ऑक्सिजनने हळूहळू फिके पडतात. पूड वर्षानुवर्षं टिकू शकते, रंगाचं तसं नाही.

आता पाण्याकडे वळू, कारण मोठा अडसर तिथेच आहे. प्रयोगशाळेत बहुतेक वेळा शुद्ध पाण्यात किंवा सौम्य मिठाच्या पाण्यात जिवाणू सोडून चाचणी घेतात. नदी, विहीर किंवा तळ्याचं पाणी तसं नसतं. एक हिशेब मांडून बघा. एका ई. कोलायचं वजन साधारण एक पिकोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा एक लाख-कोटीवा भाग. लिटरभर पाण्यात एक लाख जिवाणू असले, म्हणजे पाणी चांगलंच दूषित असलं, तरी त्यांचं एकूण वजन ०.१ मायक्रोग्रॅम. त्याच लिटरात कुजलेल्या पानापाचोळ्यातून आलेला सेंद्रिय कार्बन सहज तीन मिलिग्रॅम असतो, म्हणजे ३००० मायक्रोग्रॅम. जिवाणूंच्या तीस हजार पट. रॅडिकलला जिवाणू आणि पानापाचोळा यांत फरक कळत नाही, समोर येईल त्याला तो भिडतो. मग जिवाणूच्या वाट्याला किती येणार?

त्यात बायकार्बोनेटची भर. जवळपास प्रत्येक नैसर्गिक पाण्यात ते असतं आणि ते हायड्रॉक्सिल रॅडिकल गिळून मागे एक मवाळ कार्बोनेट रॅडिकल ठेवतं. फॉस्फेट तर टायटॅनियम डायऑक्साइडच्या पृष्ठभागावरच ठाण मांडून बसतं. गढूळपणा प्रकाश अडवतो, आणि मातीच्या कणाच्या सावलीत जिवाणू लपतात. पाण्याचा पीएच सातच्या वर गेला की पूडही ऋणभारित होते, जिवाणू आधीच ऋणभारित, म्हणजे जे एकमेकांना टेकायला हवेत तेच एकमेकांना ढकलू लागतात. म्हणूनच प्रयोगशाळेत दहा मिनिटांत होणारं काम तळ्याच्या पाण्यात तासावर जातं, किंवा होतच नाही.

मग पूड जास्त टाकावी? त्यालाही सीमा आहे. लिटरला ग्रॅमभराच्या आसपास पूड गेली की पाणी दुधासारखं होतं आणि वरचे कण खालच्यांना प्रकाश मिळू देत नाहीत. आणि काम झाल्यावर ती काढायची कशी? इतके बारीक कण खाली बसायला फार वेळ घेतात. बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळता येतात, पण जो पडदा हे कण अडवतो तो जिवाणूही अडवतो! मग प्रकाशाचा खटाटोप कशाला, असं कुणी विचारलं तर उत्तर देणं अवघड जातं. (विषाणू एवढेच बारीक असतात, ते पडद्यातून निसटू शकतात, इतपत बचाव करता येतो.) पूड काचेवर पक्की बसवली तर गाळायची कटकट मिटते, पण मग भिंतीपासून बोटभर अंतरावरचा जिवाणू सुखरूप. रेल्वेच्या डब्यापासून दोन-चार बोटांचा तो पल्ला आठवा. म्हणून पाणी पातळ थरात खेळवणं, मण्यांच्या गर्दीतून ढकलणं, नळीच्या आत खळबळ माजवणं असे उपाय चालतात. स्पेनमध्ये अल्मेरियाजवळच्या सौरसंशोधन केंद्रात वक्र आरशांसमोर काचेच्या नळ्या ठेवून अशा प्रकाशभट्ट्यांची बरीच वर्षं चाचणी चालली आहे.

हत्यार तिथेच संपतं याचा आणखी एक परिणाम भांड्यात दिसतो. क्लोरीन टाकलेल्या पाण्यात थोडं क्लोरीन उरतं. नळापाशी लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम उरावं असं धरतात. पुढे कुणी त्यात हात बुडवला तर ते उरलेलं क्लोरीन राखण करतं. प्रकाशाने शुद्ध केलेल्या पाण्यात असं काहीच उरत नाही. उजेड गेला की काही क्षणांत राखण संपली. मोठ्या पाइपलाइनसाठी ही पद्धत एकटी का पुरत नाही, ते यावरून कळावं.

क्लोरीन तरी निर्दोष कुठे आहे? पाण्यातल्या सेंद्रिय द्रव्यांशी संयोग होऊन त्यातून ट्रायहॅलोमिथेन नावाची अपायकारक संयुगं बनतात हे १९७४ पासून माहीत आहे. क्रिप्टोस्पोरिडियम तर क्लोरीनला जुमानतच नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात तो नळातून आला आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले. म्हणूनच क्लोरीनला जोडीदार शोधण्याची धडपड थांबलेली नाही. त्यातला आज पक्का बसलेला जोडीदार म्हणजे यूव्ही-सी, म्हणजे आखूड लांबीच्या अतिनील प्रकाशाचा, दिवा. तो २५४ नॅनोमीटरचा प्रकाश थेट डीएनएवर टाकतो, मधे पूड नाही की रॅडिकल नाही. क्रिप्टोस्पोरिडियमला तो सहज लोळवतो. त्याला वीज लागते आणि पाणी नितळ लागतं, एवढंच. घरगुती उपकरणात प्रकाशाची पूड यूव्ही-सी दिव्याला हरवेल असं मला तरी दिसत नाही. जिथे वीज नाही तिथे मात्र तुलना बदलते.

तिथे स्पर्धा असते ती उन्हात ठेवलेल्या साध्या बाटलीशी. १९८० च्या सुमाराला बैरूतमध्ये आफ्तिम अक्रा यांनी ही पद्धत मांडली आणि नंतर स्वित्झर्लंडच्या ईआवाग संस्थेने ती तपासून जगभर नेली. पेट प्लास्टिकच्या पारदर्शक बाटलीत नितळ पाणी भरायचं, ऊन असेल तर सहा तास, ढगाळ असेल तर दोन दिवस ठेवायचं. उन्हातले यूव्ही-ए, म्हणजे जास्त लांबीचे अतिनील, किरण जिवाणूच्या स्वतःच्याच रंगीत रेणूंना चेतवतात आणि आतून मार देतात. पाणी पन्नास अंशांपर्यंत तापलं तर काम आणखी लवकर होतं. म्हणून नव्या पुडीचा कुठलाही प्रयोग वाचताना माझी नजर आधी हे शोधते: पुडीशिवाय, नुसत्या उन्हात किती जंतू मेले? आणि पूड घालून अंधारात ठेवल्यावर किती? तांबं आणि चांदी अंधारातही जंतू मारतात. काही पुडी नुसत्याच जंतूंना चिकटून खाली बसवतात. या दोन तुलना नसतील तर श्रेय प्रकाशाचं की धातूचं हे सांगताच येत नाही.

टक्केवारीही जपून वाचावी. ‘९९.९ टक्के जंतू नष्ट’ म्हणजे दहा लाखांपैकी एक हजार जिवंत. पिण्याच्या पाण्याचा निकष १०० मिलिलिटरमध्ये एकही ई. कोलाय नसावा असा आहे. जागतिक आरोग्य संघटना घरगुती उपकरणांना तारे देते. तीन तारे हवेत तर जिवाणू आणि आदिजीव दहा हजार पटीने, तर विषाणू लाख पटीने कमी व्हायला हवेत. म्हणजे ९९.९९ आणि ९९.९९९ टक्के. तीन नऊ आणि पाच नऊ यांत जाहिरातीत फरक दिसत नाही, पोटात दिसतो.

मग ही पूड कुठे शोभेल? आधीच गाळलेलं, नितळ, कमी सेंद्रिय द्रव्याचं पाणी, थोडा प्रवाह, भरपूर ऊन, आणि शुद्ध केल्यावर लगेच वापर, अशा ठिकाणी. किंवा जिथे जंतूंबरोबर कीटकनाशकं आणि औषधांचे अंश मोडायचे आहेत तिथे. हायड्रॉक्सिल रॅडिकलला निवड कळत नाही हा दोष तिथे गुण ठरतो. क्षार, फ्लोराइड, नायट्रेट यांचं ती काहीही वाकडं करू शकत नाही, कारण ते मोडायला त्यांच्यात कार्बनी रेणूच नाही. आर्सेनिकचं मात्र थोडं वेगळं आहे. ते नष्ट होत नाही, पण भूजलात सापडणारं त्याचं तीन संयुजेचं, जास्त विषारी आणि गाळायला अवघड रूप ही पूड उन्हात पाच संयुजेच्या रूपात बदलते. ते रूप लोहाच्या ऑक्साइडला घट्ट चिकटतं. म्हणजे पुढे लोहाच्या ऑक्साइडची गाळणी लावली तर आर्सेनिक तिथे अडकतं, आणि ही गाळणी ठरावीक काळाने बदलावी लागते.